बारा नंबर पायी निघाला

बारा नंबरच्या बसचा ड्रायव्हर चालत कुठे जात नसे. त्याच्या मते चालणं हे बस चुकलेल्या लोकांचं काम होतं. घरापासून डेपो सातशे पावलांवर, पण तेवढंही अंतर तो समोरून जाणाऱ्या कुठल्या तरी गाडीच्या पायरीवर चढून काढायचा. डेपोत त्याला नावाने हाक मारणारं कुणी उरलं नव्हतं. 'बारा' म्हटलं की तो मान वर करायचा. शेजारीही तसंच म्हणायचे, आणि बायको 'अहो' म्हणायची, तेव्हा नावावाचून त्याचं कुठे अडत नव्हतं.

कामाला मात्र माणूस चोख. सव्वीस वर्षांत एक अपघात नाही, एक तक्रार नाही. थांब्यावर वेळेनंतर कधी नाही आणि वेळेआधी तर मुळीच नाही, कारण वेळेआधी थांबा सोडणं हा डेपोत उशिरापेक्षा मोठा गुन्हा. घड्याळ बघून घरातून निघालेला माणूस त्यामुळे रस्त्यावर राहतो. सकाळची ड्यूटी त्याला सेवाज्येष्ठतेने मिळाली होती, तीही अकरा वर्षं वाट बघून. पहाटे पाचला सुरू, दुपारी एकला मोकळा. अशी ड्यूटी मिळावी म्हणून डेपोतले लोक एकमेकांच्या निवृत्तीच्या तारखा पाठ करून बसलेले असतात.

वाढत गेलं ते फक्त पोट. स्टिअरिंग पोटाला घासायला लागलं तेव्हा त्याने सीट एक खाच मागे घेतली. दोन वर्षांनी आणखी एक. मग एके दिवशी सीटच्या खाचा संपल्या आणि पोट काही थांबायला तयार नव्हतं. तरीही त्याला त्यात काही वावगं वाटलं नसतं, पण वर्षाची वैद्यकीय तपासणी आली आणि डेपोच्या डॉक्टरीणबाईंनी ब्लडप्रेशरचा पट्टा तीनदा गुंडाळला, तीनदा सोडला.

बाई रागावल्या नाहीत, हीच मोठी पंचाईत. रागावल्या असत्या तर त्याला भांडता आलं असतं. त्यांनी शांतपणे सांगितलं, वजन चौऱ्याण्णव, प्रेशर एकशे साठच्या वर, आणि पन्नास माणसं मागे बसवून हे शरीर रस्त्यावर सोडायची माझी तयारी नाही. तीन महिने स्टिअरिंग बंद. तीन महिन्यांनी वजन अठ्ठ्याऐंशीच्या आत आणि प्रेशर ताब्यात असेल तर गाडी परत. नसेल तर निवृत्तीपर्यंत ऑफिसचं काम. त्याला रडू आलं. ते दिसू नये म्हणून तो बुटाची नाडी बांधायला वाकला, तर पोट आड येऊन नाडी हाताला लागेना. शेवटी बाईंनीच विचारलं, की बांधून देऊ का.

तीन महिन्यांसाठी त्याला हरवलेल्या वस्तूंच्या खोलीत बसवलं. दुपारी बारा ते रात्री आठ. बसमध्ये लोक काय काय विसरतात ह्याचा त्याला सव्वीस वर्षं पत्ता नव्हता. दीडशे छत्र्या, बाळाचा एकेकच बूट, कवळी, आणि कोपऱ्यात चालण्याच्या सात काठ्या. काठीशिवाय चालता न येणारा माणूस काठी विसरून बसमधून उतरून गेला कसा, ह्यावर तो दोन दिवस विचार करत बसला. मग विचारही संपले. खिडकीतून बारा नंबर सुटताना दिसायची, आणि आत दुसराच कुणी बसलेला बघून तो छत्र्या पुन्हा मोजायला घ्यायचा.

पहिला मदतीला धावला तो त्याचा कंडक्टर. एकदा घंटी वाजवून त्याचं समाधान होत नसे, म्हणून त्याला सगळे 'डबल' म्हणत. डबल गेली तीन वर्षं जिमला जात होता. चौदा वर्षं चालत्या बसमध्ये दांडी न धरता तिकिटं फाडलेला माणूस. त्याच्या मांड्या मुळातच खांबासारख्या, त्यात जिमने दंडांची भर घातली होती. "भाऊ, तीन महिने माझ्या हवाली करा," तो म्हणाला. "गाडी नवीकोरी करून देतो."

जिम एका फर्निचरच्या दुकानावर होती. आत शिरताच बारा गोंधळला तो आरशांनी. ड्रायव्हरची नजर दर चार सेकंदांनी आरशात जातेच, ती काही त्याने मुद्दाम न्यावी लागत नाही. गाडीत आरशात रस्ता दिसतो. इथे डाव्या आरशात तो, उजव्या आरशात तो, मागच्या आरशातही तोच, आणि तोही अर्ध्या चड्डीत. स्वतःची पाठ त्याने आयुष्यात पहिल्यांदा बघितली आणि ती बघून त्याचं काही भलं झालं नाही.

मग त्याला सरकत्या पट्ट्यावर चढवलं. चाळीस मिनिटं तो घाम गाळत चालला. यंत्राने सांगितलं, तीन किलोमीटर झाले. त्याने खिडकीबाहेर बघितलं; समोर तीच चपलांच्या दुकानाची पाटी होती. चाळीस मिनिटांत गाडी एक इंचही पुढे गेली नाही, हे त्याच्या धंद्याला पटणारं नव्हतं. ट्रेनर त्याला अंकल म्हणायचा आणि सारखा 'छान, छान' करायचा, त्यानेही तो वैतागला. तरी चिकाटीने दोन आठवडे गेला. सतराव्या दिवशी शेजारी डबलने लोखंडी दांडा फुलासारखा उचलला, ते बघून ह्यालाही चेव आला. दांडा गुडघ्यापर्यंत आला. त्यानंतर बाराच्या कमरेत जे काही झालं त्याने तो पाच दिवस अंथरुणाला खिळून होता.

आता ह्यात जिमला नावं ठेवण्याचं कारण नाही. त्याच जिममध्ये डबलचं वजन सहा किलो उतरलं होतं, गुडघेदुखी पळाली होती आणि शिवाय त्याला तिथे गप्पा मारायला आठ-दहा मित्र मिळाले होते. तो गाणी म्हणत जायचा, गाणी म्हणत यायचा. ट्रेनरनेही पहिल्याच दिवशी बजावलं होतं, की अंकल, महिनाभर वजनाला हात लावायचा नाही. पण सव्वीस वर्षं फक्त सिग्नलचं ऐकलेला माणूस ट्रेनरचं कशाला ऐकेल?

कंबर सरळ झाल्यावर त्याने जाहीर केलं, की आपण चालणार. चालायला ना फी लागते ना आरसे. रोज सकाळी सहाला निघून सहा किलोमीटर. बायकोने विचारलं, कुठल्या बाजूला जाणार. तो म्हणाला, बघू, आणि बाहेर पडला. बघायचं काय होतं त्यात? पाय आपोआप डेपोकडे वळले, तिथून डावीकडे, आणि बारा नंबरच्या मार्गाला लागले.

तीन आठवडे तो नेमाने चालला. एक दिवस खाडा नाही. पुन्हा काट्यावर उभा राहिला तेव्हा, जिमचे दिवस धरून, सगळं मिळून आठशे ग्रॅम उतरले होते. त्याच्या तोंडचं पाणी पळालं. अर्धी मुदत संपत आली होती. एवढं चालून वजन हलत नसेल तर आपल्या नशिबात ती खोलीच आहे, असं म्हणून त्याने हातपाय गाळले.

कोडं उलगडलं ते बायकोमुळे. ती वीज कंपनीसाठी मीटर वाचायची. एकोणीस वर्षं घरोघर जाऊन, जिने चढून, मीटरचे आकडे हातातल्या यंत्रात भरून आणायची. अंगाने काटकुळी, खांद्याला पिशवी, चाल अशी की बरोबरीने चालणाऱ्याला बोलायला दम उरू नये. तिच्या वाटेवरच्या एका औषधाच्या दुकानदाराने तिला काळजीने विचारलं, "ताई, मिस्टरांना बरं नाही का? रोज सकाळी आमच्या थांब्यावर येऊन उभे राहतात. बस येते, जाते, हे चढत नाहीत. घड्याळ बघतात आणि पुढे जातात."

त्या रात्री तिने जेवताना सरळ विषय काढला. तो आधी कबूल होईना. मग म्हणाला, थांबा आला की पाय आपोआप थांबतात, त्याला तो तरी काय करणार. मार्गावर तेवीस थांबे. प्रत्येकावर अर्धा मिनिट, बाजाराच्या थांब्यावर पूर्ण एक मिनिट, कारण तिथे चढणारे जास्त. सिग्नल लाल असला तर गाड्यांच्या रांगेत, डाव्या बाजूला उभा. आणि चालायचा वेग मनात ठरवलेल्या वेळापत्रकाला बांधलेला, त्यामुळे लवकर पोचला की पुढच्या थांब्यावर वेळ होईपर्यंत तिष्ठत राहायचा. वेळेआधी सुटता येत नाही ना!

बायको इतकी हसली की तिला घास बाजूला ठेवावा लागला. तोही आधी रुसला आणि मग हसला. हसून झाल्यावर ती म्हणाली, "उद्यापासून माझ्याबरोबर चला. माझ्या वाटेवर तुमचा एकच थांबा आहे आणि तिथून मी तुम्हाला हात धरून ओढत नेईन."

पहिल्या दिवशी तो तिच्या बरोबरीने गेला असं म्हणणं खोटं ठरेल. तो तिच्या मागून गेला. त्या भागातल्या जुन्या इमारतींमध्ये मीटर प्रत्येक मजल्यावर, जिन्याच्या वळणावर. हा दुसऱ्या मजल्यावर कठडा धरून उभा असायचा तेव्हा ती चौथ्या मजल्यावरचे आकडे भरून खाली येत असायची, आणि जाता जाता सांगायची, की वर यायची गरज नाही, झालं. तो म्हणायचा, मग मी आलोच कशाला. ती म्हणायची, चढायला, आणि त्याला रिकामाच वर पाठवायची. सकाळी साडेसहा ते साडेदहा, विजेचे दीडशे मीटर, बत्तीस जिने. तिसऱ्या दिवशी त्याला कळलं, की माणसाच्या पोटऱ्यांत किती ठिकाणी दुखू शकतं.

लोक विचारायचे, हे कोण. ती गंभीर चेहऱ्याने सांगायची, "हे नवीन शिकाऊ." एक्कावन्न वर्षांचा शिकाऊ बघून एका आजींना फार वाईट वाटलं. त्यांनी त्याला पाणी दिलं आणि समजावलं, की बाळा, मन लावून शिक, ह्या वयात दुसरं काही मिळायचं नाही. त्याने मान खाली घालून हो म्हटलं. हळूहळू तो खरोखरच शिकला. कुठल्या फाटकामागचं कुत्रं नुसतं भुंकतं आणि कुठलं न भुंकता अंगावर येतं, कुठल्या मीटरची काच फडक्याने पुसावी लागते, कुठल्या घरात मुलं परीक्षेला बसलीत म्हणून बेल न वाजवता जावं. तिसऱ्या आठवड्यापासून त्याचा दम पुरायला लागला, आणि दम पुरायला लागल्यावर दोघं बोलायला लागले.

हे बोलणं ही नवीनच गोष्ट होती. इतकी वर्षं तो पहाटे जायचा तेव्हा ती झोपेत असायची, आणि तो दुपारी झोपून उठायचा तोवर ती आकडे जमा करायला ऑफिसात. संध्याकाळी बोलायचं ते काय आणायचं आणि कुणाचा फोन आला होता, एवढंच. आता जिने चढता-उतरताना तिने त्याला आपल्या ऑफिसातले तंटे सांगितले, लेकीच्या सासरचं एक गुपित सांगितलं, आणि तिला एके काळी पोहायला शिकायचं होतं, हेही सांगितलं. लग्नाला सत्तावीस वर्षं झाली होती. त्याने पोहण्याचं हे पहिल्यांदाच ऐकलं.

एकदा ते मोठ्या रस्त्याला लागले. हॉस्पिटलपासून लाकडाच्या वखारीपर्यंतचा हा पट्टा तिचाही होता आणि बारा नंबरचाही. दहा वाजून दहा मिनिटांनी त्याची गाडी, म्हणजे आता दुसऱ्याच्या हातातली, शेजारून गेली. तो टक लावून बघत राहिला. मग त्याच्या एकदम लक्षात आलं.

"ह्या वेळेला तू रोज इथेच असतेस?"

"एकोणीस वर्षं."

"म्हणजे मी रोज तुझ्याजवळून जायचो?"

"जायचात ना," ती मीटरची पेटी उघडत म्हणाली. "सुरुवातीची दोन-तीन वर्षं मी हात करायचे. मग म्हटलं, गाडी चालवणाऱ्या माणसाचं लक्ष कशाला उडवायचं."

तिने हे तक्रारीच्या सुरात सांगितलं नाही, आकडे भरता भरता सांगितलं. पण त्याला ते लागलं. रस्त्यावरचं काही म्हणून आपल्या नजरेतून सुटत नाही, हा त्याचा सव्वीस वर्षांचा तोरा. खड्डा दिसायचा, सायकलवाला दिसायचा, आडवं येणारं कुत्रं दिसायचं. बायको दिसली नव्हती. पुढच्या जिन्यावर त्याने तिच्या खांद्यावरची पिशवी काढून आपल्या खांद्यावर घेतली, आणि तिनेही नको म्हटलं नाही.

तीन महिने भरले. तपासणीच्या दिवशी वजन सत्त्याऐंशी किलो सहाशे, प्रेशर एकशे बत्तीस. डॉक्टरीणबाईंनी ह्याही वेळी पट्टा तीनदा गुंडाळला, कारण त्यांचा विश्वास बसेना. काय केलंत, असं विचारल्यावर त्याने सगळं सांगितलं, थांब्यांसकट. बाई हसल्या आणि म्हणाल्या, जिम वाईट नाही, कंबर-गुडघ्यांना थोडा जोर लागतोच, तेही करा. पण व्यायाम तोच खरा जो माणूस पुढच्या वर्षीही करत असतो. हे सोडू नका. त्यांनी कागदावर सही केली आणि त्याचा जीव भांड्यात पडला.

गाडी मिळाली, आणि सकाळची ड्यूटीही. सोमवारी पहाटे तो सीटवर बसला तेव्हा सीट चक्क दोन खाचा पुढे घ्यावी लागली. डबलने मागून घंटी वाजवली, मग पुन्हा वाजवली, मग आनंदाच्या भरात तिसऱ्यांदाही वाजवली. स्टिअरिंग हातात आल्यावर त्याला असं वाटलं, की आपण इतके दिवस श्वास रोखून बसलो होतो. गाडी सुंदर पळत होती. प्रत्येक थांब्यावर तो हक्काने थांबत होता.

दहा वाजून दहा मिनिटांनी गाडी हॉस्पिटलच्या वळणावरून मोठ्या रस्त्याला लागली. ह्या वेळी तो बघतच होता. लांबूनच त्याला ती दिसली, खांद्याला पिशवी, एका इमारतीच्या दारातून बाहेर येऊन यंत्राची काच पदराने पुसत होती. त्याने खिडकीतून हात बाहेर काढून जोरात हलवला. तिची मान खाली होती. हॉर्न वाजवावा, तर समोरच हॉस्पिटल. गाडी थांबवावी, तर थांबा पुढे. ज्या पट्ट्याला दोघांना चालत पाऊण तास लागायचा तो एका मिनिटात मागे पडला. आरशात ती लहान होत होत पुढच्या दारात शिरलेली त्याने पाहिली, आणि गाडी मिळाल्याचा सकाळचा सगळा आनंद असूनही त्याला तिथे फार एकटं वाटलं.

दुपारी एकला गाडी लावून तो तडक ड्यूटी वाटणाऱ्या हेडक्लार्ककडे गेला आणि दुपारची पाळी मागितली. क्लार्कने आ वासला. सकाळची ड्यूटी आपणहून सोडणारा माणूस त्याने नोकरीत पाहिला नव्हता. घरी काही भानगड आहे का, असं त्याने हळूच विचारून बघितलं. मग नियमाप्रमाणे अर्ज पुढे सरकवला आणि कारणाचा रकाना दाखवला. बाराने थोडा वेळ पेन चावलं आणि लिहिलं, 'सकाळी बायकोबरोबर चालायला जायचं आहे.' डबलला हे कळलं तेव्हा त्याने कपाळावर हात मारला, आणि मग स्वतःचाही अर्ज दिला. सकाळी नऊनंतर जिम रिकामी असते, हवं ते यंत्र मिळतं, असं त्याचं म्हणणं. खरं कारण त्याला दुसऱ्या ड्रायव्हरबरोबर घंटी वाजवायची नव्हती.

संध्याकाळी ती आली, पिशवी खुंटीला लावली आणि त्याने सांगितलेलं ऐकून जी भडकली ती विचारू नका. अकरा वर्षं वाट बघून मिळालेली ड्यूटी, ती अशी कुणाला तरी देऊन टाकलीत? रात्री दहापर्यंत गाडी हाकणार ह्या वयात? शिवाय मला विचारलंत का? तिचं संपल्यावर तो म्हणाला, "आज मी तुला हात केला. तू खाली बघत होतीस."

"कधी?"

"दहा दहाला. तुझ्याजवळून पुढे निघून गेलो. मला आवडलं नाही ते. मला तुला मागे टाकून जायचं नाही आता."

तिचा राग गेलेला तिच्या तोंडावरच दिसत होता, पण लगेच कबूल करणं तिला जड जात होतं.

"आज त्या कोपऱ्यावरच्या इमारतीत," ती म्हणाली, "चौथ्या मजल्यावर पोचले आणि खाली वाकून ओरडले, की अहो, वर यायची गरज नाही, झालं. तिसऱ्या मजल्यावरच्या बाई बाहेर येऊन विचारायला लागल्या, की ताई, कुणाला सांगताय?"